नावाची रिकामी चौकट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. बनारसला ब्रह्मा घाटाजवळ राहते, बँकेत नोकरी करते. बाबा याज्ञिकी करतात, पण कुणी अंगात येण्याबिण्याचं सांगायला लागलं की पहिली मी उठून जाते. या ग्रुपवरचे निम्मे अनुभव मला थापा वाटतात... राग मानू नका. पण हे माझ्याच घरात झालंय, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ श्रीपाद. घरून कंप्यूटरचं काम करायचा, उरलेला वेळ गेम. शेवटच्या गेमने तर त्याला वेड लावलं होतं. त्यात सुरुवातीला आपल्या वीराला आपणच नाव द्यायचं. याने अर्थातच स्वतःचं दिलं. साठ-एक तास खेळलं की शेवट येतो — वीर नदीकाठी येतो, अंगरखा काढतो, नीट घडी करून दगडावर ठेवतो आणि पाण्यात शिरतो. स्क्रीन पांढरी. संपलं! मेला की पलीकडे पोचला, काही कळत नाही. यावर हे लोक इंटरनेटवर महिनोन्महिने भांडतात.

"ताई, तो मेलेला नाही," श्री म्हणायचा. "मरायला निघालेला माणूस कपड्यांची घडी कशाला करेल? परत येऊन घालायचेत म्हणून ना!"

"उलट. परत यायचंय तो कपडे फेकतो आणि उडी मारतो. घडी घालणारा सगळं आवरून जातो. मेला तुझा हीरो."

"तू ना यार, एकदम मनहूस आहेस!"

दिवाळीनंतर एका सकाळी तो दुर्गाघाटावर आंघोळीला गेला. पोहायला पक्का, पलीकडच्या रेतीपर्यंत जाऊन यायचा. त्या दिवशी आला नाही. पायरीवर पँट आणि टीशर्ट सापडले, शेजारी चपला. कपड्यांची घडी केलेली होती. आयुष्यात टॉवेलची घडी न केलेला माझा भाऊ! मल्लाहांनी, म्हणजे इथल्या नावाड्यांनी, चार दिवस पाणी ढवळलं, काही मिळालं नाही.

मग आई रोज संध्याकाळी त्या पायरीवर जायला लागली. पाण्याकडे बघून हाका मारायची — "श्री... ए श्री, घरी चल रे." लोक वळून बघायचे. आठ महिने हेच. मला सहन होईना.

असा बेपत्ता माणूस असला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बाबांनी दुसऱ्यांच्या घरी हे कितीदा तरी केलंय. स्वतःच्या मुलासाठी मात्र ते तयार नव्हते. "बारा वर्षं वाट बघायची असते," एवढंच म्हणायचे.

"बारा वर्षं आई अशीच ओरडत राहणार?" मी भांडले. "कपडे मिळालेत ना? अजून काय पाहिजे तुम्हाला?" खरं सांगू? त्या घडीचा अर्थ मी मनात केव्हाच लावून टाकला होता. मी त्यांना महिनाभर टोचत राहिले आणि शेवटी बाबा हरले.

तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ. मंत्र दुसऱ्या गुरुजींनी सांगितले, अग्नी बाबांनी दिला. नाव-गोत्र उच्चारताना ते दोनदा अडखळले.

तेराव्या दिवशी दुपारी मी श्रीचा लॅपटॉप काढला. तो पोलिसांकडून परत आल्यापासून माझ्या कपाटात होता, किल्ली माझ्या पर्समध्ये. म्हटलं, तो शेवट एकदा आपल्या डोळ्यांनी बघू. गेम उघडला. त्याने शेवटाच्या जरा आधी सेव्ह करून ठेवलं होतं ते दिसलं — तास तेच, जागा नदीकाठ, वीर उभा. फक्त नाव नव्हतं. तिथे रिकामी चौकट आणि खाली सूचना : नाव टाका.

गेम नाव फक्त सुरुवातीला विचारतो, मधे कधीच नाही. आणि श्रीने मला याच स्क्रीनचा फोटो दिवाळीत पाठवला होता, त्यात त्याचं नाव स्वच्छ दिसतंय. नंतर मी गेमच्या कंपनीलाही विचारलं. ते म्हणाले, फाइल खराब झाली असेल. असेल बुवा! पण तास शाबूत, हत्यारं शाबूत... आणि नेमकं नाव तेवढं गेलं?

त्याच दुपारी मी बाबांना हाक मारली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं, मग खाटेवर बसले.

"पुतळा जाळल्यावर माणूस जिवंत परत आला," ते हळू म्हणाले, "तर त्याला तुपाने न्हाऊ घालून जन्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करतात. बारशासकट. तोवर त्याला नाव नसतं."

"म्हणजे... श्री जिवंत आहे?"

"मला काय माहीत!" बाबा ओरडले. याआधी ते माझ्यावर कधीच ओरडले नव्हते. "मी बारा वर्षं म्हटलं होतं ना तुला!"

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

याला दोन महिने झाले. चौकट अजून रिकामी आहे. काही टाकायची माझी हिंमत होत नाही. कुणाकडे साधंसरळ उत्तर असेल तर खरंच सांगा, मला ते हवंय.

आई अजून रोज पायरीवर जाते. काल मी सोबत गेले. ती पाण्याकडे बघत उभी राहिली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे वळली.

"काय म्हणून हाक मारू गं त्याला?"