दोन मोल ऑक्सिजन

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आता सांगतेय म्हणजे मन हलकं करून घेतेय, असं समजू नका. मला हलकं व्हायचंच नाही.

नांदेडला कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. मोलचे ग्रॅम करायचा धडा आला की पोरं म्हणतात, मॅडम इथंच लई कडक होतात. होते. का होऊ नये?

अकरावीला लातूरला क्लास लावला होता. खोलीत आम्ही दोघी — मी आणि माहूरकडची सुवर्णा. दर रविवारी टेस्ट, आणि मार्कांवर बॅच ठरायची. वरच्या बॅचमध्ये आम्ही दोघी कशाबशा टिकून होतो. ती बॅच सुटली तर गावाकडं परत यायचं, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. हे मला ठाऊक होतं — चांगलं ठाऊक होतं.

टेस्टच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "दोन मोल ऑक्सिजन वायू म्हंजे बत्तीस ग्रॅम ना गं?"

आता बघा — ऑक्सिजनच्या अणूचे सोळा, हे तिला पाठ होतं. पण वायूत अणू जोडीनं असतात, म्हणून एका मोलचेच बत्तीस ग्रॅम होतात आणि दोन मोलचे चौसष्ट. एवढंच तर सांगायचं होतं. किती वेळ लागला असता?

मी म्हणाले, "हाव."

लहान होतीस, म्हणू नका. घाईत बोलून गेले असंही नाही — मी पुस्तकातून मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, आणि मग म्हणाले. ती माझ्यापुढं जाईल याची भीती वाटत होती. बास, दुसरं कारण नाही. नायट्रोजन, क्लोरीन — सगळ्या वायूंना तिनं पेपरात तोच हिशेब लावला आणि तिची बॅच गेली. माझी राहिली.

तिला शोधून माफी माग, म्हणाल. नाही मागणार. ती लगेच माफ करील, आणि तेच मला नको.

वडील न्यायला आले तेव्हा बॅग भरता भरता तिनं विचारलं, "तुझंबी तेच चुकलं असंल ना?" मी पुन्हा हाव म्हणाले. पेपरात मी चौसष्ट लिहून आले होते. तर तीच माझी समजूत काढत बसली — मनाला लावून घेऊ नको, पुढच्या टेस्टला भरून निघंल. जाताना तिची नवी बादली माझ्यासाठी ठेवून गेली.

बारावी होईपर्यंत मी त्याच बादलीनं अंघोळ केली.