कोपऱ्यावरचा सांड आणि उडणारी बाई

बायको गेली आणि पंचवटीच्या भाजीबाजारातली तिची कोपऱ्याची जागा माझ्या गळ्यात पडली. तोवर मळ्यात मी पिकवायचो, बाजारात ती विकायची. तेरावं झालं आणि तिच्या गोणपाटावर जाऊन बसलो. शेजारच्या कोथिंबीरवालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "तात्या, जागा तुमचीच. पण कोपऱ्यावर बसणाऱ्यानं सांड अडवायचा, ही इथली रीत हाय. नाय जमलं तर गोणपाट उचलायचं."

म्हटलं, सांड काय रोज येतोय!

गिऱ्हाईक मात्र येईना. एकीनं विचारलं, "वांगी कोवळी आहेत का?" मी म्हणालो, "तुमच्यापेक्षा आहेत." ती गेली ती गेलीच. रिकामं बसलं की बायकोच आठवायची. मग मेथी गुंडाळायला आणलेल्या रद्दीत रंगीत चित्रांची पुस्तकं सापडली. कागद गुळगुळीत, ओल्या भाजीला कुचकामी. म्हणून वाचायला घेतली. चौथी शिकलेला माणूस मी, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचो.

त्यात एक बाई उडायची. एका हातानं ट्रक उचलायची. अंगावर कापड बेताचंच, केस मात्र वादळातही जागच्या जागी. मला नाना शंका. हिच्या घरी भाकरी कोण थापतं? हिची कंबर धरत नाही? आणि डोळ्यांवर चार बोटांचं फडकं बांधलं की सख्खा नवरासुद्धा तिला ओळखत नाही! मी मोठ्यानं म्हणालो, "काय येडपट नवरा आहे!"

कोथिंबीरवाली माझ्याकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात सांड आला. मी पुस्तकात. मान वर केली तर मेथीची जुडी त्याच्या तोंडात. मी उठलो आणि थेट एसटीडीच्या बूथमागं पळालो. सांडानं माझी मेथी संपवून कोथिंबिरीला तोंड घातलं. बाया हसून हसून लोळल्या. "तात्या, बोलवा की तुमची उडती बाई!"

कोथिंबीरवाली तेवढी हसली नाही. "आमची अक्का, तुमची कारभारीण, काय करायची माहीत हाय का? त्याचा कान धरून, शिव्या देत, घाटापर्यंत सोडून यायची. किती वर्सं. एकदा मांडीत शिंग घुसलं, तरी कान सोडला नाय."

मांडीवरचा तो व्रण मला माहीत होता. "विहिरीच्या पायरीवर पडले," म्हणाली होती. आणि मी तिलाच झापलं होतं, "नीट चालता येत नाही का?"

"मग, गोणपाट उचलताय का तात्या?"

"कान कोणता धरायची?"

"डावा. अन् त्याच्या डोळ्यांत बघायचं नाय."

पुढच्या खेपेला मी डावा कान धरला. त्यानं मला पार नारळवाल्यापर्यंत फरपटत नेलं. धोतर फाटलं, कोपर सोललं. शिव्या मात्र घाटापर्यंत पुरतील एवढ्या दिल्या. मेथीच्या पानाला त्याचं तोंड लागू दिलं नाही.

परत आलो. आठवडाभर कोथिंबीरवालीची पाटी माझ्या गोणपाटावर इंच इंच सरकत आली होती, ती तिनं वीतभर मागं ओढून घेतली.