नुसते ओठ हलव

सगळ्या मिशिगनात माझ्याइतकं मन लावून गाणारा मराठी माणूस सापडायचा नाही. फक्त आवाज काढायचा नाही, असं मला सांगून ठेवलं होतं.

दोन हजार सहा साल. ट्रॉय. वहिनींच्या घराचं बेसमेंट. संक्रांतीच्या प्रोग्रॅमची प्रॅक्टिस चालू. कॉयर वहिनी बसवायच्या. गाणं चालू असताना रांगेतनं फिरायच्या, एकेकाच्या तोंडाशी कान न्यायच्या. माझ्यापाशी आल्या आणि हात वर केला. गाणं थांबलं.

"हा भोंगा तुझा होय?"

म्हणलं, "हो वहिनी."

"जयंतीच्या मिरवणुकीत चालतं हे. इथं नाही. तू नुसते ओठ हलव."

सगळे हसले. सगळ्यांच्या आधी मी हसलो. माझ्यावर हसायचा पहिला नंबर मी कुणाला देत नाही.

मिरवणुकीचं त्यांना मीच सांगितलं होतं. आधी कुठं गायलास, म्हणून विचारलं. मूर्खासारखं खरं बोललो. वस्तीत बाप पुढं गायचा, आम्ही पोरं मागनं ओरडायचो. ओरडणं म्हणजेच गाणं, असं मला मिशा पिकायला लागल्या तरी वाटत होतं. शाळा मी चौथीत सोडली. म्हणजे शाळेनं मला सोडलं.

मग असल्या माणसाला घेतलं कशाला? पुरुष कमी पडत होते. कॉम्प्युटरवाले ऐन वेळी "यार, रिलीज आहे" म्हणून कॅन्सल करायचे. बायकांची रांग भरलेली, पुरुषांची बोडकी. आणि मी कुठं पळणार? मी भाऊंच्या हॉटेलात कुक. भाऊ म्हणजे वहिनींचे मिस्टर. व्हिसा त्यांच्या हॉटेलवर. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, "सेफ राहतो" म्हणून. ते बेसमेंट म्हणजे माझीच झोपायची खोली. रविवारी बफे उरकून यायचं, आपली गादी गुंडाळायची, खुर्च्या मांडायच्या, आणि आपल्याच खोलीत शेवटच्या रांगेत मुकं उभं राहायचं. बाहेर जावं तर गाडी नाही, लायसन नाही. ट्रॉयमधे पायी निघालं की लोक काच खाली करून विचारतात, गाडी बंद पडली का?

ओठ हलवण्यात मात्र मी पटाईत झालो. संक्रांतीला एक बाई स्टेजमागं येऊन म्हणाल्या, "तुमचे उच्चार किती क्लिअर आहेत हो!" मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

पुढं ती सवयच लागली. भाऊ किचनमधे ओरडले की मी आतल्या आत उत्तर द्यायचो. ओठ हलायचे. कढई ढवळताना हलायचे. एकदा कॉलिंग कार्डाचा नंबर दाबून आईला फोन केला. ती म्हणाली, "कधी येतोस रे?" मी बोललो. ती म्हणाली, "अरे बोल की. हायेस का?" मी होतो. ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता. पासपोर्ट माझ्याकडं नाही, हे आईला सांगायचं होतं. फोन ठेवला. त्या दिवशी मला स्वतःवर हसू आलं नाही.

गणपतीच्या प्रॅक्टिसला काकू आल्या. नागपूरच्या, शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या, मुलाकडं सहा महिने राहायला आलेल्या. माझ्या पुढं उभ्या. एकदा मागं वळल्या.

"तू गात का नाही रे?"

"मनाई आहे काकू."

"मग उभा कशाला राहते?"

 

कॉयर बसवणाऱ्यांनो, मला सारेगम येत नाही, तरी एक सांगतो. मोठ्या आवाजाचा माणूस आला तर त्याला दोन धड गाणाऱ्यांच्या मधे उभा करा. हे काकूंचं म्हणणं. पट्टी खाली घ्या. एकट्याला बाजूला घेऊन बसा. नाहीच जमलं तर काढून टाका. तोंडावर सांगा, तुला येत नाही, जा. तो जेवेल आणि झोपेल, मरणार नाही. पण रांग भरायला माणूस ठेवायचा आणि त्याचा आवाज वर येऊ द्यायचा नाही, हे करू नका. "ओठ हलव" म्हणजे तुझं अंग पाहिजे, तू नको. हे आमच्या बापजाद्यांना लोक आधीच सांगून गेलेत. ते ऐकायला मला मिशिगनला यायची काय गरज होती?

गणपतीचा प्रोग्रॅम शाळेच्या ऑडिटोरियममधे. दुपारची वेळ. वहिनींनी हात उचलला. मी तोंड उघडलं आणि गायलो.

काय गायलो म्हणता! सूर एकीकडं, मी एकीकडं. वहिनी हातानं खाली, खाली करत होत्या. मी थांबलो नाही. शेजारचे दोन कॉम्प्युटरवाले माझ्या मागनं वाहवत गेले. मग अख्खी रांग. पब्लिक हसायला लागलं. कडवं मेलं. पण शेवटच्या ओळीपर्यंत मी गायलो.

पार्किंगमधे भाऊंनी गाठलं. "माजलास? परत पाठवून देईन."

"पाठवा. आधी पासपोर्ट द्या."

"घरी बघू."

"घरी नाही भाऊ. तुम्ही जाऊन घेऊन या. मी इथनं हलत नाही."

हे मी मोठ्यानं बोललो. भोंगाच तो, सगळ्या पार्किंगला ऐकू गेलं. कॉयरवाले गाड्यांपाशी उभे होते. त्यांचे ओठ हलले. आवाज कुणाचा निघाला नाही. भाऊंनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, गाडीत बसले. वहिनी माझ्याकडं न बघता मागं बसल्या, आणि गाडी घराकडं गेली.

मी तिथंच उभा, पासपोर्टाची वाट बघत.  काकू मात्र मुलाच्या गाडीत बसल्या नाहीत, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला जोर आला. म्हणलं, "काकू, आजपासून नुसते ओठ हलवणार नाही. बेसमेंटमधे नाही, किचनमधे नाही, कुणाच्या रांगेत नाही. जिथं उभा राहीन तिथं आवाज काढीन. माझा आवाज आहे, माझा!"

काकू म्हणाल्या, "माझा माझा काय करते? पहिले सुरात तर ये. कान फाटले ना माझे आज."