त्रिकमभाईंचं भिंग

सावरकुंडल्याच्या वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात संशय हा कामाचाच भाग. पण त्रिकमभाईंनी तो अंगाला लावून घेतला होता. चहा भरून आला तरी ते आधी कपात डोकावत. शेजारच्या टेबलावर मी सर्किटना सोल्डरचे डाग द्यायचो. माझा प्रत्येक डाग ते भिंगाखाली बघत, आणि चांगला निघाला की नाराज होत.

एका सकाळी वांकियाळी गावच्या दूध सोसायटीच्या सचिव रंभाबेन आमचाच काटा पोत्यात गुंडाळून आल्या. काटा मधूनच दूध कमी दाखवायचा. बाई दूध मारते, असं गावात झालं होतं. त्याच संध्याकाळी त्यांना काढायला सभा होती.

त्रिकमभाईंनी काट्याचं सील बघितलं. शाबूत. “सील छान जोडलंय बेन. कोणाकडून?”

“तुमच्याच कारखान्यातून, भाई. चोरी शिकायची तर इथेच यायला हवं ना!”

मी मान खाली घालून हसलो.

दहा किलोचं वजन ठेवलं. दहाच. बंद-चालू करून पुन्हा ठेवलं. दहाच. त्रिकमभाई खुलले. “काटा खरा आहे. म्हणजे...”

“आमच्याकडे वीज अशी फटकन जात नाही,” रंभाबेन म्हणाल्या. “विहिरींवरच्या मोटारी लागल्या की दिवे मंदावतात. मग हा बिघडतो.”

त्रिकमभाई थबकले. व्होल्टेज कमी-जास्त करायचा डबा ओढून त्यांनी चाक हळूहळू मागे फिरवलं. आकडे विझले नाहीत. दहाचे नऊ झाले. वीज पूर्ण केली तरी नऊच.

“खोल रे,” ते मला म्हणाले.

वीज अर्धवट झाली की काट्यातला प्रोसेसर मरत नाही, बरळतो. त्याला वेळीच कान धरून थांबवायला आणि वीज नीट आल्यावर पहिल्यापासून सुरू करायला शेजारी तीन पायांची एक चिप असते. इथे पाच व्होल्टच्या सर्किटवर तीन व्होल्टवाली बसली होती. अंग तेच, पाय तेच. पण हिला जाग यायची ती प्रोसेसरचं बरळून झाल्यावर.

“डाग कोणाचा?”

“माझा. पण चिपा येतात त्या रिळावर तपासल्याची सही तुमची आहे.”

सहीसुद्धा त्यांनी भिंगाखाली घातली. “माझ्यासारखीच आहे खरी,” म्हणाले, आणि पाच व्होल्टवाली चिप शोधून माझ्यापुढे ठेवली.

मी चिप बदलली. या वेळी चाक मागे नेताच आकडे विझले, आणि वीज पूर्ण केल्यावर काटा नव्याने सुरू झाला.

“हे मी सांगितलं तर म्हणतील, कारागीर फितवला,” रंभाबेन म्हणाल्या.

म्हणून त्रिकमभाई स्वतः गेले, चाकाचा डबा आणि त्याच रिळातली चिप बसलेला दुसरा काटा घेऊन. सोबत मी. सभेत उभे राहून म्हणाले, “चूक माझी. रीळ मी पास केलं.”

मागून एक म्हातारा ओरडला, “ह्यांना किती दूध पाजलंस गं, रंभा?”

त्रिकमभाईंचा चेहरा उजळला; आपल्यासारखाच संशयी भेटला. “बरोबर विचारलंत, काका. या, चाक तुम्हीच फिरवा.”

दुसऱ्या काट्यावर वजन ठेवून काकांनी चाक फिरवलं. दहाचे नऊ झाले. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, मग पुन्हा फिरवलं. पुन्हा नऊ. मग रंभाबेनचा काटा घेतला. तो विझला, उठला आणि दहा म्हणाला.

काका जागेवर जाऊन बसले.

“मला काढायचं असेल त्यांनी हात वर करा,” रंभाबेन म्हणाल्या. कोणी केला नाही. “मग बाजूला सरका. दुधाची वेळ झाली.”