सूप खाली ठेवणारी बाई

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास साकोलीच्या एका विडी कारखान्याच्या पडवीत ती विड्या वळायची. दुपार कलली की मांडीवरचं तेंदूपानांचं सूप खाली ठेवायची, भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि सावकाश श्वास घेत राहायची. मी तिथं युनियनची, विश्रांतीच्या हक्काची पत्रकं वाटायचो. लढायचं सोडून ही डोळे मिटते, म्हणून मला तिचा राग यायचा.

"डोळे मिटून मजुरी वाढते काय?" मी एकदा विचारलं.

"नाही वाढत, भाऊ. पण मंग बोटं माही सोताची वाटतेत."

एके दिवशी ठेकेदार नेमका तेव्हाच आला. "झोपा काढून राहिली काय वो?"

"श्वास घेऊन राहिली जी," ती डोळे न उघडता म्हणाली. "तोई तुमच्या मालातला हाये काय?"

बायका हसल्या. त्यानं तिचं सूप उचललं. "उद्यापासून येऊ नको!"

तिचा श्वास भरभर होऊ लागला. डोळे मात्र मिटलेलेच राहिले. शेजारच्या म्हातारीनं आपलं सूप खाली ठेवलं, मग पलीकडचीनं. हळूहळू सगळ्याच भिंतीला टेकल्या. ठेकेदारानं थांबलेलं काम पाहिलं, मग तो तिचं सूप तिच्यापुढं ठेवून निघून गेला.

घोषणा कुणीच दिली नाही. पत्रकं बाजूला ठेवून मीही भिंतीला टेकलो. माझी पाठ किती दुखत होती, ते तेव्हा कळलं.