लाल दोऱ्याची गोण

कुवेतमध्ये लढाई पेटली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुबई तिथून लांब आहे, असं हे म्हणायचे. पण खालच्या दुकानातले तांदूळ भराभर संपत होते, ते मला दिसत होतं.

बर दुबई भागातल्या आमच्या एकाच खोलीच्या घरात मी पलंगाखाली चार गोणी तांदूळ भरून ठेवले. होती नव्हती ती भांडी पाण्याने भरली. तांदळात किडे होऊ नयेत म्हणून आईने गावाहून पाऱ्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या फडक्यात बांधून मी एकेका गोणीत घातल्या. चौथ्या गोणीला फडकं उरलं नाही. तिच्यात गोळ्या सुट्याच टाकल्या. ती सगळ्यात शेवटी काढायची आणि नीट निवडून घ्यायची, म्हणून तिच्या तोंडाला लाल दोरा बांधला. त्या गोळ्यांना नुसता हात लागला तरी आई आमचे हात धुवायची. "विष आहे ते," म्हणायची.

गुरुवारी संध्याकाळी ह्यांनी एक गोण खांद्यावर घेतली. ह्यांच्या कंपनीतली गावाकडची सहा माणसं खाडीपलीकडे एका रूमवर राहत. त्यांना दुकानात तांदूळ मिळाला नव्हता.

"तू काय सगळी लढाई एकटीच लढणार आहेस?" हे हसून म्हणाले. मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही.

शुक्रवारी हे ओव्हरटाइमला गेले. मी पलंगाखाली झाडायला वाकले, तर लाल दोऱ्याची गोण नव्हती.

शुक्रवारी त्या रूमवर दुपारी मोठा भात शिजे, हे मला ठाऊक होतं. फोन कुठे करायचा ते ठाऊक नव्हतं. घराबाहेर मी एकटी कधी गेले नव्हते. ह्यांच्याबरोबर एकदा त्या रूमवर गेले होते, तेवढी वाट आठवत होती. खाडी ओलांडणाऱ्या अब्र्यात, त्या लाकडी होडीत, सगळे पुरुषच होते. मी कडेला फळी घट्ट धरून बसले. खाडी एवढी रुंद आहे हे मला आधी कधी कळलं नव्हतं.

दार एका लुंगीवाल्याने उघडलं. "वहिनी? दादा कुठाय?"

आतून कोणी म्हणालं, "तांदूळ परत न्यायला आल्या असतील! दादाने घरात न विचारता आणले वाटतं." सगळे हसले.

शेगडीवर टोप रटरटत होता. मी चपलांसकट आत गेले आणि गॅस बंद केला.

"खाऊ नका. त्यात पाऱ्याच्या गोळ्या आहेत. सुट्या."

हसणं थांबलं. कोपऱ्यातला एक जण हळूच म्हणाला, "मी सकाळी ह्याच तांदळाची पेज घेतली."

सगळा तांदूळ चादरीवर ओतला. आम्ही सातही जण गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो. नऊ गोळ्या निघाल्या. टोपातला भात चिवडून पाहिला, त्यात काही नव्हतं. तरी तो फेकला.

"किती टाकल्या होत्या, वहिनी?" त्यांच्यातल्या वयस्काने विचारलं.

दहा, असं मला वाटत होतं. नऊही असतील.

"पेजेत असती तर दाताखाली आली असती की," तो म्हणाला.

"हा पेज चावतो कुठे? पितो!" दुसरा म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही. पेज प्यालेला माझ्याकडेच बघत होता, जणू पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं.

"दादाला आम्ही सांगणार नाही," वयस्क म्हणाला. सगळ्यांनी त्या दुपारी नुसता खुबूस, तिथला पाव, चहात बुडवून खाल्ला. मला दिला, तो मी तसाच ठेवला.

मीही ह्यांना सांगितलं नाही. पण महिनाभर हे घरी आले की बूट काढायच्या आतच मी विचारायचे, "आज सगळे आले होते ड्युटीला?"

"आले होते. का गं?"

"काही नाही," मी म्हणायचे, आणि पाणी आणायला वळायचे.