बिनबंदुकीचं विमान

काल दाराला रंग देताना टर्पेंटाइनचा वास आला आणि मला बेंबळी गावातल्या आमच्या घराची ओसरी आठवली. हवाई दलातून निवृत्त झालेले माझे वडील, अण्णा, आणि मी तिथं युद्धातल्या टेहळणी विमानाची लाकडी प्रतिकृती करत होतो. पंख बसले होते. विमानाच्या पोटाला मी आकाशी रंग देत होते.

“अण्णा, बंदुका कुठं लावायच्या?”

“ह्याला बंदूक न्हाय, बाळ. नुसता कॅमेरा.”

“अन् शत्रूनं गाठलं तर?”

“पळायचं. फोटो घेऊन परत यायचं. मी आलोच की.”

अण्णा पंचविशीत अशा विमानातून उडाले होते, हे मला तेव्हाच कळलं. मी ते ओलं विमान उचलून अंगणभर धावले.

आज माझा मुलगा पंचविशीचा आहे, आणि ते विमान आठवलं की आत मुलाच्याच वयाचे अण्णा दिसतात, निःशस्त्र.